किडनीच्या कुत्र्याचं जेवण: भात कुठला, मासा किती आणि कुठली बाटली कपाटातच ठेवायची

आमचा खंड्या गावठी, आता साडेअकरा वर्षांचा, वजन १८ किलो. दीड वर्षापूर्वी पाणी फार प्यायला लागला, पडवीतली बादली संध्याकाळपर्यंत रिकामी आणि रात्री दोनदा उठून दार खरवडायचा. आम्ही म्हटलं मे महिना आहे, उकडतंय, पिणारच. जूनमध्ये पाऊस लागला तरी तेच चाललेलं, तेव्हा मालवणहून कुडाळला नेला, रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती साठलाय तो आकडा) २.६. डॉक्टर म्हणाले किडनीचा जुना आजार आहे, बरा होत नाही, सांभाळायचा असतो. सांभाळायचा म्हणजे रोज नेमकं काय करायचं हे मला कोणी एका जागी सांगितलं नव्हतं, तुकड्या-तुकड्यात कळत गेलं, म्हणून इथे सगळं एकत्र लिहितेय. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, आणि खाली जिथे आकडे आहेत ते आमच्या १८ किलोच्या कुत्र्याचे आहेत, तुमच्या पामेरियनला तसेच्या तसे लावू नका.

आधी रिपोर्ट नीट वाचा. क्रिएटिनिन १.४ ते २.८ असेल तर दुसरी स्टेज, २.९ ते ५ तिसरी, ५ च्या वर गेलं की चौथी. लोक म्हणतात "थोडंसंच वाढलंय", पण किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडल्यावरच हा आकडा वर यायला लागतो, म्हणजे थोडंसं असं काही नसतं. शिवाय एका रिपोर्टवर स्टेज ठरवायची नसते. रक्त उपाशीपोटी काढायचं, कुत्रं नीट पाणी प्यालेलं असायला हवं आणि काही आठवड्यांनी परत तपासायचं. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो म्हणजे उंदराच्या मुतातून होणारा ताप असतो, तोही किडनीवरच येतो, गोचिडीच्या तापातही किडनीला मार बसतो, आणि त्यांचे उपचार वेगळे असतात, म्हणून डॉक्टरांना "ही तब्येत कधीपासून अशी आहे" हे तारखेनिशी सांगा. लघवीतलं प्रोटीन आणि ब्लडप्रेशर पण तपासून घ्या, आपल्याकडे कुत्र्याचं बीपी मोजणारे कमी, आम्ही त्यासाठी गोव्याला गेलो.

आणि त्या रिपोर्टमध्ये एक ओळ असते जिच्याकडे आम्ही पहिल्या वेळी बघितलंच नव्हतं, फॉस्फरस. दुसऱ्या स्टेजला तो ४.६ च्या खाली ठेवायचा असतो, तिसऱ्या स्टेजला ५ च्या खाली. किडनी बिघडली की फॉस्फरस बाहेर जात नाही, तो रक्तात साठतो आणि उरलेली किडनी आणखी लवकर खराब होते. म्हणजे घरी आपल्या हातात जी खरी गोष्ट आहे ती हीच, पोटात फॉस्फरस कमी जाऊ द्यायचा. सगळे विचारतात "काय घालू, कुठलं टॉनिक देऊ", आणि खरं काम आहे ते काय काढायचं ह्याचं.

आता काढायचं म्हणजे काय ते ऐका, कारण कोकणात हे सगळ्यात अवघड आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजा मासा नाही, मग घराघरात सुकट, जवळा, सुका बांगडा. आणि कुत्र्याचा भात म्हणजे भात, वर मूठभर सुकट आणि कालवणाचं पाणी, पिढ्यानपिढ्या हेच. सुकट-जवळा कवचा-डोक्यासकट खाल्ला जातो आणि सुका बांगडा काट्यांसकट, फॉस्फरस भरपूर आणि वर मीठ. आमच्या शेजारच्या काकी रोज कुंपणावरून, "अगो, त्येका जरा सुकट घाल गो भातार, कसो हाडांचो सापळो झालो हा!" काकींना दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा नुसतं हसले. खरा घोळ घरातच होता. मी दोन महिने मापून भात घालत होते आणि फॉस्फरस ६.१ वरून खाली यायलाच तयार नाही, आणि एक दिवस पाठीमागच्या पडवीत गेले तर बाबा पायरीवर बसलेत, हातात बांगड्याचं डोकं, खंड्या एकदम शिस्तीत समोर. दोघांनीही माझ्याकडे बघितलं आणि दोघांनीही मान फिरवली. रोज दुपारी चालायचं म्हणे ते. तर पहिली पायरी ही, घरातल्या प्रत्येक माणसाला बसवून सांगा, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना विशेष, आणि कोणी काय घातलं ते न रागावता विचारा, रागावलात तर लपवून घालतात.

काढायची यादी आमच्या फ्रीजवर आहे ती अशी: सुकी मासळी, हाडं, पायाचं सूप (हाडांचं पाणी ताकद देतं म्हणून हमखास कोणीतरी सांगणारच), कलेजी, अंड्याचा पिवळा बलक, चीज, दुधाची पावडर, काजू. काजूच्या दिवसात अंगणात बिया वाळत असतात आणि घरात गर फोडलेले असतात, त्याच्यात चरबी पण आणि फॉस्फरस पण. शहाळ्याचं पाणी लोक "किडनीला चांगलं" म्हणून पाजतात, माणसाचं मला माहीत नाही, पण त्याच्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि कुत्रं एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल या बीपीच्या गोळ्यांवर असेल तर पोटॅशियम आधीच चढायची भीती असते, म्हणून रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तरच. करमळं म्हणजे स्टारफ्रूट आणि बिंबलं परसात असतील तर पडलेली उचलून टाका, त्याच्यातलं ऑक्झलेट किडनीला वाईट. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट हे तर निरोगी कुत्र्यालाही नाही.

आता शिजवायचं कसं. तयार रीनल फूड म्हणजे किडनीच्या कुत्र्यांसाठीचं खाणं मिळतं, रॉयल कॅनिनचं आहे, हिल्सचं आहे, फार्मिनाचं आहे, आणि परवडत असेल आणि कुत्रं खात असेल तर सगळ्यात सोपं तेच, कारण त्यात सगळं मोजून घातलेलं असतं. फक्त पावसाळ्यात पिशवी उघडी ठेवू नका, आपल्या हवेत चार दिवसात दाणा मऊ पडतो आणि मग बुरशी, आणि बुरशीचं विष लिव्हरवर जातं. छोटी पिशवी आणा, पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, वास बदलला की फेकून द्या, पैशाकडे बघू नका. खंड्याने ते आठ दिवस खाल्लं आणि नवव्या दिवशी वाडग्यात पाय घालून उभा राहिला, म्हणून आम्ही घरच्या जेवणावर आलो, डॉक्टरांना विचारून.

आमचं दिवसाचं माप असं आहे, दोन-तीन वेळात विभागून: शिजलेला पांढरा भात ३५० ग्रॅम, चिकन शिजवून १०० ग्रॅम, दोन अंड्यांचा फक्त पांढरा भाग, लाल भोपळा किंवा दुधी उकडून ५० ग्रॅम आणि दोन चमचे तेल. मिळून साधारण ७५० कॅलरी होतात, एवढ्या वजनाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला ठीक. भात पांढरा का, तर आमच्याकडे उकडा तांदूळ असतो आणि जितका तांदूळ कमी सडलेला तितका कोंडा जास्त, आणि फॉस्फरस कोंड्यात असतो. माणसांना उकड्याची पेज चांगली, खंड्याला साधा पॉलिशचा तांदूळ, जगात एकाच ठिकाणी रेशनचा पांढरा तांदूळ भारी ठरला तो आमच्या पडवीत. अंड्याचं पण तसंच, एका बलकात ६० मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस आणि पांढऱ्यात जेमतेम ५, आणि पांढऱ्यातलं प्रोटीन एकदम उत्तम. आता घरात बलक उरतात, आई त्याचं भुर्जीसारखं काहीतरी करते, आम्ही कंटाळलोय.

चिकन शिजवताना एक गोष्ट करा. हाडं आणि कातडी काढून बारीक तुकडे करायचे, म्हणजे अगदी सुपारीएवढे, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं. फॉस्फरस आणि पोटॅशियम बऱ्यापैकी त्या पाण्यात उतरतं. हे लिहायला सोपं आहे, करताना जीव तुटतो, कारण सगळा वास त्या पाण्यात असतो आणि खंड्या मोरीच्या तोंडाशी बसून ते पाणी जाताना बघतो. पहिल्यांदा मी अर्धी वाटी ठेवून भातावर घातलंच होतं. मग उपाय सापडला, मटणाचा किंवा चिकनचा एवढासा तुकडा तेलावर परतून चुरा करून वर भुरभुरायचा, वास येतो, माप जात नाही. भात कोमट द्यायचा, फ्रीजमधला गार भात किडनीचं कुत्रं हुंगून निघून जातं.

प्रोटीन पूर्ण बंद करू नका. "किडनी आहे ना, नुसता दहीभात दे" असं सांगणारे बरेच भेटतील. नुसत्या भातावर ठेवलेलं कुत्रं अंगातलं मांस जाळतं, कण्याचे मणके हाताला लागायला लागतात, डोक्यावर खड्डा पडतो. प्रोटीन थोडं आणि चांगलं, कमी किती करायचं ते स्टेज आणि लघवीचा रिपोर्ट बघून डॉक्टर सांगतात.

ताजा मासा अधूनमधून चालतो, चिकनच्या जागी, चिकनसोबत नाही. उकडून, काटा काढून, पाणी ओतून. बांगड्याचा काटा बोटाने काढताना शेवटी एक राहतोच, म्हणून मी चिमटीने चुरून बघते. तेलाचं म्हणाल तर आपल्याकडे खोबरेल घरचं असतं म्हणून तेच घातलं जातं, पण त्यात लिनोलिक अ‍ॅसिड नसल्यासारखंच आणि कुत्र्याला ते लागतं, म्हणून एक चमचा तरी करडई किंवा सूर्यफुलाचं घाला. आधी पँक्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) झालेला असेल तर तेल वाढवायच्या आधी विचारा.

घरच्या जेवणात कॅल्शियम नसतं, हाडं काढली म्हणजे तेही गेलं. अंड्याची टरफलं धुवून, उकळून, वाळवून मिक्सरला एकदम पिठासारखी करायची, ते कॅल्शियम कार्बोनेटच आहे, अन्नातला थोडा फॉस्फरसही धरून ठेवतं. आम्हाला दिवसाला सपाट अर्धा चमचा सांगितलाय, रक्तातलं कॅल्शियम तपासून. ते आधीच जास्त असेल तर हे चालत नाही, म्हणून तपासल्याशिवाय सुरू करू नका. आणि जस्त, तांबं, आयोडीन, व्हिटॅमिन ई हे या भात-चिकनमध्ये पुरेसं नसतं, महिनोन्महिने द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून फॉस्फरस नसलेलं मिनरल मिक्स लिहून घ्या, हे बरेच जण सोडतात.

सप्लिमेंटवर येते. खंड्या आजारी पडल्यावर महिन्याभरात आमच्या टेबलावर अकरा बाटल्या जमल्या होत्या, कोणी काय दिलं, कोणी काय सांगितलं. मी सगळ्या पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेल्या, त्यांनी एकेक लेबल वाचलं आणि सात परत पिशवीत टाकल्या. तुम्हीही हे करा, नावं सांगू नका, बाटल्याच न्या.

परत गेलेल्यात पहिली होती कुत्र्यांचं कॅल्शियम सिरप. पिल्लांना, व्यालेल्या कुत्रीला देतात ते, लेबलवर कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी३. म्हणजे आपण भातातून चमच्याने काढतोय आणि बाटलीतून ओततोय. दुसरी माणसांची डी३ ची पुडी, ६०,००० युनिटची, ती तर कुत्र्याच्या आसपासही ठेवू नका, त्याने कॅल्शियम चढून चांगली किडनीसुद्धा जाते. कॉडलिव्हर तेल आणि फिश ऑईल एक नाही, कॉडलिव्हरमध्ये ए आणि डी असतात. आपल्याला हवं ते साधं फिश ऑईल, आणि कॅप्सूलवर १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असलं तरी बघायचा आकडा ईपीए आणि डीएचए (त्यातलं खरं ओमेगा-३), साध्या कॅप्सूलमध्ये बहुतेक १८० आणि १२० असतात. डॉक्टर डोस त्या आकड्यावर काढतात, १००० वर नाही.

बी कॉम्प्लेक्स राहिलं, कारण एवढी लघवी होते त्यातून ते वाहून जातं. फॉस्फरस बांधणारं औषध राहिलं, आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड. हे औषध कसं द्यायचं ते महत्त्वाचं, जेवणातच मिसळायचं. हे अन्नातला फॉस्फरस पोटात धरतं, रिकाम्या पोटी दिलं तर धरणार काय? आणि मेडिकलवाल्याने एकदा "तेच आहे हो, अ‍ॅसिडिटीचं" म्हणून दुसरी बाटली दिली, घरी येऊन बघितलं तर त्यात मॅग्नेशियम पण होतं, जे बिघडलेल्या किडनीला साठवायला नको. परत करायला गेले तर उघडली म्हणून घेईना, ८० रुपये गेले. लेबल दुकानातच वाचा. अजून एक, गोचिडीच्या तापावर डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर ते आणि हे एकत्र नाही, मध्ये किमान दोन तास ठेवा, नाहीतर हे औषध त्या गोळीलाच धरून बसतं. आमच्याकडे सकाळी सातला गोळी थोड्या भोपळ्यात, नऊला भात आणि बांधणारं औषध, असं घड्याळ लावलंय. बांधणाऱ्या औषधाने शी घट्ट होते, ते पण सांगून ठेवते.

काढे. पुनर्नवा, गोखरू, आणखी काय काय, चांगल्या मनाने आणून देतात. कुत्र्याच्या वजनाला किती आणि चालू औषधांबरोबर काय होईल हे देणाऱ्याला सांगता आलं नाही, मी घेतलं, थँक्यू म्हटलं आणि ठेवून दिलं. आणि लंगडतोय म्हणून घरातली दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, काहीही, अर्धीसुद्धा नको. किडनीच्या कुत्र्याला ती एक गोळी चौथ्या स्टेजला नेऊ शकते.

जेवण बदलायचं तर आठ-दहा दिवस घ्या, जुन्यात नवं थोडं थोडं. आणि मळमळत असताना नवं जेवण अजिबात सुरू करू नका, त्याच्या डोक्यात "हे खाल्लं की उलटी" असं बसतं आणि मग ते अन्न कायमचं गेलं. ओठ चाटणं, लाळ गाळणं, वाडग्यापर्यंत येऊन परत जाणं, गवत खाणं, ही मळमळ. त्याला औषधं आहेत, आधी ती घ्या, मग भाताचा विचार.

खाऊ म्हणून तवशाच्या (काकडीच्या) फोडी, बिया काढलेलं कलिंगड, सफरचंद बी काढून. आंब्याचा गर चिमूटभर चालेल पण बाठ नाही, बाठ आतड्यात अडकली की ऑपरेशन, आणि मे महिन्यात आपल्याकडे बाठ कुठे नसते!

एक वही करा. आमच्या वहीत रोज चार गोष्टी: किती खाल्लं, किती पाणी, उलटी, शी. पाणी मोजायला सकाळी बाटलीने मापून वाडग्यात ओतायचं, रात्री उरलेलं मोजायचं. किलोला १०० मिलिच्या वर पीत असेल तर ते जास्त, म्हणजे खंड्याला १.८ लिटर. पण जास्त पितो म्हणून पाणी कमी करू नका हां, तो पितो कारण किडनी पाणी धरत नाही, वाडगं काढलंत तर आतून सुकेल. दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, रोज बदला, रात्री झाका, उंदराच्या मुतातून लेप्टो येतो. वजन दर पंधरा दिवसांनी, आमच्याकडे काजू बी मोजायचा लटकता काटा आहे, गोणपाटाची झोळी करून त्यात खंड्याला घालतो, तो एवढा अपमानित चेहरा करतो की फोटो काढवत नाही. हे जमत नसेल तर त्याला उचलून वजनकाट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. ५०० ग्रॅम गेले की मी फोन करते.

चतुर्थी हा वर्षातला सगळ्यात धोक्याचा आठवडा. चाकरमानी येतात, घरात वीस माणसं, प्रत्येकाला कुत्र्याचा लाड, आणि पंचखाद्यात मनुका, मोदकाच्या सारणात जायफळ. चिमटीभर जायफळाने काही होत नाही, पण आमच्या भागात परसातच झाडं आहेत, अख्खं फळ चावलं तर विषबाधा होते. आणि मनुका कितीने बाधेल हे सांगता येत नाही, एखाद्याला थोड्याने किडनी बंद पडते. गेल्या वर्षी मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात "माका कायव घालू नकात, मी आजारी आसय" लिहून खंड्याच्या पट्ट्याला बांधलं, पोरं वाचून हसली पण कोणी घातलं नाही.

सलाईन घरी देता येतं, कातडीखाली. डॉक्टरांनी दोनदा हाताला धरून शिकवलं, तिसऱ्यांदा मी त्यांच्यासमोर दिलं, मगच घरी. बाटली खिडकीच्या गजाला, आधी कोमट पाण्यात ठेवून, खांद्याच्या मागची कातडी तंबूसारखी उचलायची. किती द्यायचं ते त्यांनी लिहून दिलेलंच, हृदयाचा त्रास असेल तर हे फुफ्फुसात जाऊ शकतं. वीज गेलेल्या रात्री हेडलाइट लावून पण दिलंय.

एक दिवस काहीच खाल्लं नाही, उलट्या थांबत नाहीत, लघवी एकदम कमी झाली, तोंडात फोड किंवा मुतासारखा वास, हिरड्या पांढऱ्या, झटका, अचानक दिसेनासं झालं, यातलं काहीही झालं तर वही घेऊन निघायचं, सकाळची वाट बघायची नाही, घाटात किंवा साकवावर पाणी यायच्या दिवसात तर लवकरच निघा.

आणि एक वेळ येते जेव्हा डॉक्टरच म्हणतात की आता माप बाजूला ठेवा, जे खाईल ते खाऊ द्या, उपाशी राहण्यापेक्षा ते बरं. आमच्याकडे फेब्रुवारीत ते म्हणाले, क्रिएटिनिन ५.४ होतं, तीन दिवस भात तसाच उरत होता. घरी येऊन सांगितलं तर बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतः जेटीवर गेले, दोन बांगडे आणले, उकडले, चष्मा लावून अर्धा तास काटे काढत बसले आणि मग मला हाक मारली, "ये गो, बघ एकदा, आता घालू मां?"